आमच्या नावाने कारखाना मागू नका



रविवारी आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये चहाला बसलं, की आपल्यातला कुणीतरी म्हणतोच, "कोकणात मोठा कारखाना आला असता, तर इथे कशाला आलो असतो?" गावाकडे पुढारीही हेच सांगतात: पोरं परदेशात राबतायत, म्हणून विरोध करू नका.

थांबा. एक कारखाना खरंच आला होता. १९९२ मध्ये रत्नागिरीत एमआयडीसीने स्टरलाइट कंपनीला तांबं वितळवण्याच्या प्रकल्पासाठी जमीन दिली. तांब्याचं खनिज भट्टीत गेलं की गंधकाचा विषारी वायू निघतो. आंबा बागायतदार आणि गावकरी रस्त्यावर उतरले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवलं, आणि पुढच्या वर्षी कंपनीने तमिळनाडूत तुतिकोरीन गाठलं. आपण जिंकलो म्हणून घरी गेलो. जिथे गेला तिथल्या लोकांचं काय, हे आपणही विचारलं नाही.

तिथे काय झालं? प्रदूषणाबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला १०० कोटी भरायला लावले. २२ मे २०१८ रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, मोर्चावर गोळीबार झाला. त्या प्रकरणात १३ माणसं गेली. मग कारखान्याला टाळं लागलं, आणि ट्रकवाले, कंत्राटी कामगार उघड्यावर पडले. म्हणजे चालू असताना धूर गरिबाला, बंद झाल्यावर उपासही गरिबालाच.

माझ्या पाळीत तुतिकोरीनचा एक जण आहे. त्याच्या गावाजवळ तो कारखाना वीसेक वर्षं चालला. तरी तो कर्ज काढून इथेच आला, माझ्याच शेजारी उभा राहतो. आता सांगा, कारखान्याने स्थलांतर थांबतं का?

माझा कारखान्याला सरसकट विरोध नाही. तांबं सगळ्यांनाच लागतं. हातातल्या मोबाईलमध्येही आहे. पण जागा निवडताना जमीन आणि बंदर बघतात, तसंच कुठले लोक गप्प बसतील हेही बघतात. आपण लांब आहोत, म्हणून आपल्याला गप्प धरू नका.

उद्या गावात असा प्रकल्प आला तर घरी फोन करा. ग्रामसभेत हे विचारायला सांगा: कायम नोकऱ्या किती, कंत्राटी किती? मळी आणि वायू जाणार कुठे? बंद पडला तर कामगाराला काय? उत्तर लेखी घ्या.

तोंडी आश्वासनावर आपण एकदा एजंटला पैसे दिलेत. गाव तरी तसं देऊ नका.