सुरी परदेशची, धार घरची

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याबाईंचा अंगठा कापला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे बीड जिल्ह्यात सुना सासूला असंच म्हणतात. वय बहात्तर. सगळा जन्म विळीवर भाजी चिरण्यात गेला. पण आता गुडघे मांडी घालू देईनात, डॉक्टरांनीही खाली बसायला मनाई केली. म्हणून मी त्यांना टेबलापाशी खुर्ची दिली, लाकडी पाट दिला नि हातात सुरी दिली. तिसऱ्याच दिवशी दुधी चिरताना सुरी सालीवरून घसरली ती सरळ अंगठ्यात. दोन टाके पडले.

टाके आठ दिवसांत निघाले, पण आत्याबाईंनी भाजीला हात लावणंच सोडलं. "मी आता काय कामाची राह्यले बाई," म्हणून खिडकीशी बसून राहू लागल्या. घरात म्हातारं माणूस असलेल्या मैत्रिणींना ह्या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको.

मला वाटलं होतं, सुरीला धार जास्त झाली. होतं उलटंच. त्या सुरीला धारच नव्हती! धार नसली की आपण जोर लावतो, आणि जोरात सुटलेली सुरी कुठं जाईल ते आपल्या हातात राहत नाही. धारेची सुरी भाजीत रुतते, बोथट सुरी भाजीवरून घसरते.

दिवाळीत आमच्या मोठ्या भावजींचा मुलगा आला. तो स्वीडनमध्ये स्टॉकहोमला नोकरीला आहे. आजीचा अंगठा त्यानं फोनवर पाहिला होता, म्हणून येताना दोन सुऱ्या घेऊन आला. (सामानात दिलेल्या मोठ्या बॅगेतून हं, हातातल्या पिशवीतून सुरी विमानात नेऊ देत नाहीत.) मोरा नावाच्या गावच्या सुऱ्या. त्या गावात सुऱ्या करण्याची जुनी परंपरा आहे आणि आजच्या मोराक्नीव्ह कंपनीची सुरुवात 1891 सालची. न मिटणारं, वीतभरही नसलेलं पातं, प्लॅस्टिकची जाड मूठ नि प्लॅस्टिकचंच म्यान. मला वाटलं मोठी महागाची वस्तू असेल. तर तो हसून म्हणाला, "काकू, तिथं ही सगळ्यांत स्वस्तातली. सुतार, कोळी, रंगारी कमरेला लावून फिरतात." शेजारच्या फिनलंडातही अशाच छोट्या सुरीचं कौतुक, तिथं तिला पुक्को म्हणतात. स्वीडनच्या शाळांत हस्तकलेचा विषय सक्तीचा आहे, मुलगे-मुली दोघंही लाकूड तासायला शिकतात. आमच्या शाळेत पेन्सिलीचं टोक काढायला ब्लेड आणलं तरी आम्ही जप्त करतो, ते मला आठवलं.

दोन्ही सुऱ्या दिसायला सारख्या. एकीचं पातं साध्या पोलादाचं, दुसरीचं स्टेनलेसचं. मी त्यांच्या शेजारी आमच्या दोन मांडल्या. एक केजच्या बाजारातून घेतलेली पातळ स्टेनलेसची, तीच ती अंगठा कापणारी. दुसरी रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून करून घेतलेली, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची. ते पोलाद चांगलं कडक असतं. तापवून, ठोकून, पाणी देऊन केलेल्या त्या सुरीला रूप नाही, पण धार धरून ठेवते. चारही सुऱ्या मी तीन आठवडे आलटून पालटून वापरल्या.

पहिल्या दिवशी स्वीडनच्या सुऱ्यांनी टोमॅटोच्या अशा चकत्या केल्या की आमचे हेसुद्धा पाहायला आले. दुसऱ्या दिवशी गाजर घेतलं नि गंमत कळली. ही सुरी गाजर चिरत नाही, फोडते! पात्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर, आणि धारेचा उतार अगदी शेवटी, एकदम. म्हणजे पात्याची पाचरच होते. बटाट्याचा निम्मा काप नीट होतो नि उरलेला कट्कन मोडतो. लाकूड तासायला, दोर कापायला, ऊस सोलायला तिच्यासारखी नाही. पण पोह्यांसाठी कांदा बारीक चिरायचा तर बाजारातली पातळ सुरीच बरी, अर्थात तिला धार असेल तर.

साध्या पोलादाच्या दोघींची, म्हणजे घिसाड्याच्या नि स्वीडनच्या एकीची, तऱ्हा एकच. लिंबू, कैरी, चिंच, टोमॅटो कापला की पातं काळवंडतं, कैरीच्या फोडीलाही डाग पडतो नि लोखंडाचा वास लागतो. लोणच्याला त्या घेऊच नयेत. बाकी भाजीला चालतात, पण काम झालं की लगेच धुऊन कोरड्या फडक्यानं पुसायच्या. रात्री ओट्यावर ओली राहिली की सकाळी तांबेरा आलाच. चार दिवस वापरायची नसेल तर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. पात्यावर येणारी काळी-निळी झाक मात्र घासून काढू नका. मी पहिल्या आठवड्यात राखेनं घासघासून चकचकीत करत बसले, फुकटची मेहनत! ती झाकच तांबेऱ्याला थोडीफार आडवते. स्टेनलेसला हा त्रास नाही, कारण त्यात क्रोमियम असतं. पण आपल्याकडची स्वस्तातली स्टेनलेस बहुधा मऊ, धार लवकर बसते. माझ्या बाजारातल्या सुरीची चार दिवसांत बसायची, घिसाड्याची पंधरा दिवस टिकली.

सुरी कुठलीही आणा, महिन्याभरात प्रश्न धारेवरच येतो. मागं एकदा मी दारावर आलेल्या धारवाल्याकडून सुरी फिरवून घेतली होती. चाकावर ठिणग्या पाहून पोरं खूष, पण आठवड्यात सुरी पहिल्यासारखी. चाकावर पातं फार तापलं की धारेचं पाणी उतरतं, मग ती टिकत नाही.

धार लावायला मला शिकवलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं. दिवाळीच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिथं 'एक कोयता' म्हणतात. ही बाई मुलीला आजीपाशी ठेवून निघाली होती, ते सांगायला शाळेत आली. बोलता बोलता अंगठ्याची गोष्ट निघाली. ती म्हणाली, "बाई, आमचा पैसा टनावर. कोयता बोथट झाला की जोर दुप्पट नि ऊस निम्मा. रात्री हात सुजतेत ते वायलंच. मी कानस जवळच ठिवते." मग तिनं माझ्या टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन हात कसा तिरका धरायचा ते करून दाखवलं. बी.ए.ला मी हे शिकले नव्हते.

सुरीला कानस नको, ती फार खरवडते. बाजारात दोन बाजूंचा धारेचा दगड मिळतो, एक बाजू जाड, दुसरी बारीक. दगड ओला करून खाली ओलं फडकं ठेवा म्हणजे हलणार नाही. सुरीची पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीइतकी उचला नि मुठीकडून टोकापर्यंत सारख्या हातानं फिरवा. जोर नको. थोड्या वेळानं पात्याच्या दुसऱ्या अंगाला बोट आडवं फिरवलं की बारीक खरखर लागते (धारेवरून लांबीनं बोट कधीच फिरवू नका). ती टोकापर्यंत लागली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर दोन्हीकडून हलके चार-चार हात. टोमॅटोची साल नुसत्या टेकवण्यानं कापली गेली की झालं. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा; बुडाची खरबरीत कडा त्या वेळेपुरती भागवते. स्वीडनच्या सुरीचं इथं मात्र कौतुक आहे. तिचा धारेचा उतार रुंद असतो, तो अख्खा दगडावर टेकवला की झालं, कोन चुकायची भीतीच नाही. शिकायला ती सर्वांत सोपी.

तिची आणखी एक गोष्ट मला आवडली, ती मूठ. जाड, न घसरणारी, बोट पुढं सरकू नये म्हणून टोकाला उंचवटा. आत्याबाईंच्या सुजऱ्या बोटांना बाजारातल्या सुरीची चपटी मूठ धरवतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ह्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, साबणाचं पाणी लावून त्या मुठीवर चढवला. पातळ पातं आपलं नि मूठ स्वीडनसारखी! खर्च शून्य.

नवी सुरी घ्यायची असेल तर दुकानात चमक पाहू नका. पातं मुठीत कुठवर गेलंय ते पाहा, हलवून बघा, आणि ओल्या हातानं धरायची आहे हे लक्षात ठेवा. परदेशातून कुणी आणून दिली तर जरूर घ्या. इथं बसून मागवायची तर स्वस्त हा शब्दच गळून पडतो. आमच्याकडे स्वीडनची एक ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत गेली, दुसरी भावजींनी शेतावर नेली.

संक्रांतीच्या भोगीला आत्याबाईंनी आपणहून सुरी मागितली. गाजर, वांगी, वालाच्या शेंगा, सगळी भाजी एकटीनं चिरली. मी पलीकडं भाकरी थापत होते, लक्ष सगळं त्यांच्या अंगठ्याकडे. चिरून झाल्यावर सुरी पुसत म्हणाल्या, "गाजराला जरा दाबावं लागलं गं. दगड कुठं ठिवलाय?"