मिठाची ओवी

बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. आईने लगेच ज्ञानेश्वरीचं पारायण लावलं. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सात दिवसांत, कंबर दुखेस्तोवर. सातव्या संध्याकाळी पोथी फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "सगळी वाचली गं, पण पोटातला गोळा काही जात नाही."

मी फडकं सोडून सोळावा अध्याय पुन्हा काढला. गीतेतल्या दैवी संपत्तीच्या 26 गुणांत पहिला मान 'अभया'चा. 1290 साली नेवाशाला ज्ञानदेव या शब्दापाशी थांबले. आधी त्यांनी शहाणपणाची गोष्ट सांगितली: जो महापुरात उडी घालत नाही, त्याला बुडायची धास्ती नाही, पथ्य पाळणारा रोगाला जुमानत नाही. तसं कर्म करताना 'मी'ला डोकं वर काढू दिलं नाही, तर संसाराचा दरारा सुटतो. खरं आहे. पण आईचा पाय पुरात पडलेलाच होता.

मग ज्ञानदेव 'अथवा' म्हणून वळतात आणि मिठाकडे येतात. पाणी मिठाला बुडवू पाहतं, तोवर मीठच पाणी झालेलं असतं. बुडायला उरलं कोण? बृहदारण्यक उपनिषदातला एकटा आदिपुरुषही आधी भ्याला होता. आपल्यावाचून दुसरं कोणीच नाही, मग भ्यायचं कोणाला, हे ध्यानात आलं आणि त्याचं भय गेलं.

आपण पोथीचा ताईत करून टाकलाय, याचं मला फार वाईट वाटतं. वाचली की संकट टळेल, या आशेवर आपण पानं उलटत राहतो. या ओवीत संकट टळण्याचं वचनच नाही. मिठाला कोणी पाण्याबाहेर काढत नाही. त्याचं वेगळेपण तेवढं जातं, आणि भय राहत होतं ते त्या वेगळेपणातच. हे कळायला सात दिवसांचा वेग नको, एका ओवीपाशी रात्रभर बसणं हवं.

आई बसली. मोठ्याने वाचायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच गुळण्यांसाठी कोमट पाण्यात खडेमीठ टाकलं आणि ढवळायचं विसरून पेल्याच्या तळाकडे बघत राहिली. खड्यांच्या कडा आधी गेल्या.

सकाळी रिपोर्ट आणायला निघालो. रिक्षात तिने माझ्या हातात हात ठेवला. गार होता, पण मूठ वळलेली नव्हती.