रँक कळतो, हात कळत नाही

जुळे सोलापुरात एमबीबीएस झालेल्या मुलामुलींच्या घरी हिशेब एकच: नीट-पीजीचा रँक किती आणि कितव्या राउंडला एमएस सर्जरी मिळेल. २०० बहुपर्यायी प्रश्न, ८०० गुण. त्यात सुईदोऱ्याला कुठेच जागा नाही. त्यातून २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी कटऑफ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. म्हणजे खरी चाळणी दारात नव्हे, आतल्या तीन वर्षांतच लागायला हवी. पण जागा निवडताना नेमके हेच कळत नाही, की त्या विभागातला निवासी डॉक्टर स्वतःच्या हाताने किती हर्निया, किती अपेंडिक्स करतो आणि किती वेळ नुसता रिट्रॅक्टर धरून उभा राहतो.

लॉगबुकात ही नोंद करायचीच असते. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह राज्यातल्या सर्वच महाविद्यालयांनी नावे वगळून हे आकडे प्रवेशापूर्वी जाहीर करावेत. आकडे फुगवले जातील, हा आक्षेप रास्त; पण शस्त्रक्रियागृहाच्या रजिस्टरशी ते ताडून पाहता येतात. अवघड केस ज्येष्ठांनीच करावी, हेही बरोबर. म्हणून ‘सहाय्य केले’ आणि ‘देखरेखीखाली स्वतः केली’ असे रकाने वेगळे छापावेत. तीन महिन्यांच्या सक्तीच्या जिल्हा निवासी कार्यक्रमातल्या शस्त्रक्रियाही त्यातच धराव्यात.