जास्वंदीचें चित्र

परवां सकाळीं पूजेसाठीं जास्वंदीचीं फुलें खुडीत असतां नात म्हणाली, "आजोबा, एक मला चित्रासाठीं द्या ना. संध्याकाळीं तें मिटून जाईल." जास्वंद एका दिवसाचीच, हें मलाहि ठाऊक होतें. गजाननाच्या वांट्याचें एक फूल तिला दिलें व पूजा आटोपून तिच्याजवळ जाऊन बसलों. तिची रीत येथें देतों; वाचकांच्या घरच्या मुलांना ती उपयोगी पडेल.

प्रथम फूल नुसतें पाहावें. पाकळ्या पांच, प्रत्येकीची एक कड शेजारणीवर चढलेली, दुसरी दुसऱ्या शेजारणीखालीं गेलेली. मधल्या दांड्यावर पिवळे परागकोश व टोंकाशीं पांच तांबड्या टिकल्या. मग 300 ग्रॅमचा जाड कागद फळीला चिकटवून शिसपेन्सिलीनें हलकी आकृति काढावी.

पाण्याचीं भांडीं दोन असावींत. एक कुंचला धुण्यास, एक स्वच्छ पाण्याचें. एका पाकळीवर केवळ पाणी फिरवावें. कागद चमकूं लागला, पण पाणी सांचलें नाहीं, अशा वेळीं देठाकडील भागीं गडद तांबडा टेकवावा व तो आपोआप कडेकडे पसरूं द्यावा. लगतची पाकळी लगेच रंगवूं नये; रंग एकमेकांत वाहतात. पहिली व तिसरी, तीं वाळल्यावर दुसरी व चौथी, शेवटीं पांचवी, असा क्रम ठेवावा. जेथें ऊन पडलें असेल तेथें कागद कोराच राखावा. जलरंगांत कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश होय.

सर्व वाळल्यावर दुसरा हात देऊन शिरा व छाया काढाव्या. छायेसाठीं काळा नको; तांबड्यांत किंचित् हिरवा मिसळला कीं पुरे. शेवटीं दांडा, पराग व दांतेरी कडांचीं पानें. चुकलेला रंग ओला असतांनाच कोरड्या कुंचल्यानें टिपावा. मागाहून घासल्यास कागद फुटतो.

"हें सारें तुला कोणीं शिकविलें?" मीं विचारलें.

"बाबांनीं."

मी स्तब्ध झालों. चाळीस वर्षांपूर्वीं तिच्या बापाच्या संस्कृतच्या वहींत मला जास्वंदीचेंच चित्र सांपडलें होतें. शब्दरूपें अर्धवट होतीं. मीं तें पान त्याच्या देखत फाडलें, आणि चित्रकलेच्या परीक्षेला बसण्याची परवानगीहि दिली नाहीं. त्यानंतर त्यानें माझ्यासमोर कुंचला धरला नाहीं. मी समजत होतों, नाद सुटला!

सायंकाळीं तो कचेरींतून आला. फूल मिटलें होतें. चित्र भिंतीशीं वाळत होतें. मी म्हणालों, "तें पान मीं फाडावयास नको होतें."

तो क्षणभर चित्राकडे पाहात राहिला. मग हंसून म्हणाला, "अण्णा, तो कागदहि फार पातळ होता."

वाचकहो, मुलाच्या वहींत अवेळीं फूल उमललेलें दिसलें, तर पान फाडूं नका. राहिलेलीं शब्दरूपें उद्यां पुरीं करून घेतां येतात.