आयडी येईपर्यंतचा काळ
रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्ट या वेबच्या रचनाशैलीची मांडणी केली. २०१० मध्ये आलेल्या बॅकबोन या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ती ब्राउझरमधल्या मॉडेलशी जोडून दिली. मॉडेलला ‘सेव्ह’ सांगितलं की बॅकबोन आधी आयडी बघतं. नसेल तर सर्व्हरकडे पोस्ट (नवी नोंद करण्याची विनंती), असेल तर पुट (त्या आयडीवर नोंद ठेवण्याची विनंती). नीट लिहिलेल्या सर्व्हरवर तेच पुट दोनदा गेलं तरी नोंद एकच राहते. पोस्ट दोनदा गेलं तर एका खरेदीच्या दोन ऑर्डरी होऊ शकतात. नेट रखडतं, ग्राहक पुन्हा बटण दाबतो, आणि पहिल्या पोस्टच्या उत्तरात सर्व्हरने दिलेला आयडी अजून वाटेतच असतो, म्हणून पुन्हा पोस्टच जातं! तेवढ्या वेळात बटण बंद ठेवाच. त्याहून उत्तम, सर्व्हर मान्य करत असेल तर आयडी ब्राउझरमध्येच तयार करा; मग पहिल्यापासून पुटच जातं.