ताठ आणि ताठर

आपल्या धर्मग्रामांत ‘निष्ठावान’ हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. जो नियमाची एकही गाठ सैल होऊ देत नाही, शेजाऱ्याच्या घरचे विवाह, उपवास आणि अंत्यविधी यांचा हिशेब ठेवतो, दुःखिताच्या दारात उभा राहूनही आधी नियम सांगतो, त्याला आपण निष्ठावान म्हणतो. आमचे म्हणणे असे की, त्याच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे. तो शब्द ‘ताठर’.

मराठी भाषा या बाबतीत गरीब नाही. संकटात जो मोडत नाही तो कणखर. दिलेला शब्द जो पाळतो तो करारी. विचारांती घेतलेली भूमिका जो सोडत नाही तो ठाम. ही सारी गौरवाची विशेषणे आहेत. पलीकडच्या बाजूला हेकट, हटवादी, दुराग्रही, कर्मठ आणि ताठर हे शब्द उभे आहेत. कोशात ते एकमेकांच्या जवळ सापडतील. जीवनात मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. ठाम माणूस समोरच्याचे ऐकून घेतो आणि मग आपल्या जागी उभा राहतो. ताठर माणूस ऐकतच नाही.

‘कर्मठ’ या शब्दाचीच गंमत पाहा. हिंदीत आजही तो कष्टाळू, कार्यतत्पर माणसाच्या स्तुतीसाठी वापरतात. मराठीत मात्र कर्माचा आत्मा हरवून केवळ कर्मकांड धरून बसलेल्यास आपण कर्मठ म्हणतो. एकाच शब्दाचा हा प्रवास आपल्याला पुष्कळ शिकवून जातो.

मराठी माणूस ‘ताठ मानेने’ जगण्यात भूषण मानतो. बायबलमध्ये मात्र ‘ताठ मानेचे लोक’ हा ठपका आहे. तेथे प्रतिमा बैलाची आहे : जू घेण्यास जो मान वाकवीत नाही, त्या बैलाची. सोन्याचे वासरू पुजणाऱ्या इस्राएली लोकांसाठी हे शब्द निर्गम ग्रंथात येतात. पुढे संत स्तेफन तेच शब्द कोणाला ऐकवतो? मूर्तिपूजकांना नव्हे, तर धर्मसभेत न्यायासाठी बसलेल्या, नियमशास्त्राचे रक्षक म्हणविणाऱ्या प्रतिष्ठितांना! म्हणजे नियम मोडणाऱ्याची मान जशी ताठ असू शकते, तशी नियमाच्या रखवालदाराचीही.

लूकच्या शुभवर्तमानात, 13व्या अध्यायात, 18 वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री आहे. शब्बाथ दिवशी येशूने तिला बरे केले. ती ताठ उभी राहिली आणि देवाचे गौरव करू लागली. सभास्थानाचा अधिकारी मात्र रागावला. बरे होण्यासाठी सहा दिवस आहेत, हे त्याचे म्हणणे. शब्बाथ दिवशी बैलाला पाण्यासाठी सोडता, मग या अब्राहामाच्या लेकीला का नाही, असे प्रभूने विचारले. या प्रसंगात ताठ कोण आणि ताठर कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. 1917च्या धर्मविधिसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याने मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची खूण दिली नसेल, तर त्याला ख्रिस्तसभेचा अंत्यविधी नाकारला जाई. 1983च्या संहितेतील निषिद्धांच्या यादीत आत्महत्या करणाऱ्यांचा उल्लेख उरला नाही. 1992च्या धर्मशिक्षण ग्रंथाने आत्महत्येला गंभीर पाप म्हटलेच. पण तीव्र मानसिक व्यथेमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, अशा आत्म्यांच्या तारणाची आशा सोडू नये, असेही सांगितले. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आणि आपण? अशा घरची शोकाकुल आई अंगणात बसलेली असताना “मिस्सा मिळेल का?” अशी कुजबुज आम्ही आमच्या कानांनी ऐकली आहे. ख्रिस्तसभेने जे दार उघडले, ते आपण कोणत्या अधिकाराने लोटून घेतो?

कोणी म्हणेल, नियम सैल केले की श्रद्धा सैल होते. या भीतीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. नियमाविना समाज टिकत नाही. परंतु वरील उदाहरणात ख्रिस्तसभेने जीवनाच्या पावित्र्याविषयीची आपली शिकवण तसूभरही सोडलेली नाही. ती ठाम राहिली, ताठर राहिली नाही. ठामपणा सत्याला धरून असतो. ताठरपणा केवळ आपल्या सवयीला.

शरीराचेही असेच आहे. जिवंत देह ताठ उभा राहतो, पण गुडघेही टेकतो. मृत्यूनंतर काही तासांत तो ताठरतो आणि मग त्याला वाकता येत नाही. ज्या श्रद्धेला दुसऱ्याचे अश्रू पुसण्यासाठी वाकता येत नाही, तिला निष्ठा म्हणून गौरवू नये. निदान आपल्या मराठीत तरी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारू या.