फी माफ, पण आधी भरा

उधारीचा धंदा कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. माल आज न्या, पैसे दिवाळीला द्या. आपले सरकार मात्र शिक्षणात उलटी उधारी चालवीत आहे. गरीब बापाने पैसे आज भरायचे आणि सरकारने सवडीने फेडायचे.

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवे. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी अशा तिन्ही गटांना हा लाभ आहे. आपल्यातील मोमीन-अन्सारी विणकर ओबीसीत येतात. निर्णय उत्तमच, त्यात वाद नाही.

पण चाकणला ठेकेदाराकडे राबणारे एक गिऱ्हाईक परवा सांगत होते, कॉलेजने मुलीची सगळी फी आधी भरून घेतली. शिष्यवृत्ती आली की परत देऊ म्हणाले. त्यांनी बायकोचे दागिने गहाण ठेवले. मुलींकडून फी घेऊ नका, असे उच्च व तंत्रशिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील यांनी बजावले होते. पण सरकारचेच पैसे हप्त्याहप्त्याने, उशिरा येतात. तोवर प्राध्यापकांचे पगार कॉलेजने कोठून करायचे? रस्त्याच्या ठेकेदाराला आगाऊ रक्कम देता येते, तर प्रवेशाची यादी लागताच पहिला हप्ता थेट कॉलेजच्या खात्यात का टाकता येऊ नये? व्याज तरी गरिबाच्या माथी बसणार नाही.

मुलांची फिकीर वेगळी आहे. त्यांना निम्मीच फी मिळते. इकडे बारावी झालेल्या पोराला चाकणचा ठेकेदार उद्यापासून कामावर घेतो, घरात लगेच पैसा येतो. उरलेल्या निम्म्या फीसाठी कर्ज काढायला बाप धजत नाही, आणि पोराची तालीम तेथेच थांबते. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना तरी पूर्ण माफी द्यावी.

पालकांनीही एक ध्यानात ठेवावे. ही माफी केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाली तरच लागू होते. मॅनेजमेंट कोटा आणि खाजगी विद्यापीठे त्यात नाहीत, आणि आपल्या भागात अशा विद्यापीठांच्या जाहिराती चौकाचौकांत लागलेल्या असतात. जाहिरात पाहून थेट प्रवेश घेतला की माफी गेली. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये तहसील कचेरीत जी रांग लागते, ती आमच्या दुकानात ईदलाही लागत नाही.